शाळेचे चार, रेडिओचे तीन

बाई,

आज दुपारी मी घड्याळावर नऊशे शब्द लिहून दिले. निवृत्त झाल्यावरही वर्तमानपत्रातून अधूनमधून फोन येतो. फोनवरचा मुलगा नम्र आहे, मला मॅडम म्हणतो, पण वेळेचं बोलायला लागला की त्याचा आवाज थेट माझ्या जुन्या आवाजासारखा होतो. "मॅडम, देशाचं घड्याळ पुढे करावं का, यावर पुन्हा वाद सुरू झालाय. दोन्ही बाजू हव्यात. सहापर्यंत द्या." मी दिलं. पूर्वेकडच्या राज्यांत उन्हाळ्यात भल्या पहाटे उजाडतं आणि कचेऱ्या उघडेपर्यंत निम्मा उजेड वाया जातो. तोच काटा साऱ्या देशात पुढे केला तर पश्चिमेकडची मुलं अंधारात शाळेला निघतील. परदेशांत वर्षातून दोनदा काटे फिरवतात आणि दर वेळी त्यावरून भांडतात. रेल्वेचं काय, विजेचं काय. सगळं नीट मांडलं आणि वेळेच्या आत पाठवलं. मग चहा टाकला, आणि गाळणी हातात धरून उभी असताना लक्षात आलं की या विषयावरचा मी पाहिलेला सगळ्यात मोठा वाद त्या नऊशे शब्दांत आलाच नाही. तो तुमच्या शाळेच्या ओसरीत झाला होता, आणि त्यात तुम्ही माझ्या बाजूला होतात.

पालमकडचं ते गाव, सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, तुम्ही तिथल्या मुख्याध्यापिका. आमची वाडी ओढ्यापलीकडे. वाडीत शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे पुढच्या वर्गांतल्या आम्ही चार-पाच मुली चालत तुमच्या शाळेत यायचो. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेला तो पावसाळा नुकताच होऊन गेला होता. आमच्या वाडीला कुणी हात लावला नाही, पण आसपासच्या गावांतून जे कानावर आलं होतं ते घराघरांत येऊन बसलं होतं. मोठी माणसं हळू बोलायची. दिवाळीनंतर दिवस लहान झाला. शाळा पाचला सुटायची आणि ओढा ओलांडेपर्यंत अंधारून यायचं. वाटेच्या दोन्ही बाजूंना उंच वाढलेली तूर, आत कोण आहे ते दिसत नाही. दोनदा आम्ही अंधारात घरी पोचलो. दुसऱ्यांदा माझा बाप वाटेवरच उभा होता. तो रागावला नाही, हेच मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तो तुमच्यापुढे येऊन म्हणाला, "बाई, पोरगी हुशार हाय म्हणता तुमी. पण दिवस बुडायच्या आत घरी येत नसली तर शाळा बंद." बाकीच्या मुलींचे बापही तेच म्हणत होते. मला तेव्हा सातवीची परीक्षा द्यायची होती. दुसरं काहीही नको होतं.

शाळेची वेळ बदलून मिळावी म्हणून तुम्ही तालुक्याला अर्ज केलात. उत्तर आलं नाही. मग एका सोमवारी प्रार्थना झाल्यावर तुम्ही खुर्ची ओढलीत, पदर खोचून वर चढलात आणि भिंतीवरच्या चावीच्या घड्याळाची काच उघडून मोठा काटा बोटाने सबंध एक फेरा फिरवलात. खाली उतरून हात झाडत म्हणालात, "वेळ बदलायला परवानगी लागते. घड्याळ लावायला लागत नाही. उद्यापासून घंटा याच्यावर." म्हणजे शाळा पूर्वीसारखीच अकराला भरणार आणि पाचला सुटणार होती, फक्त ते अकरा म्हणजे जगाचे दहा. मी आजही डोळे मिटले की तुमची ती टाच दिसते, खुर्चीवर उंचावलेली, भेगा पडलेली.

गावात घड्याळं थोडी. सगळा गाव तुमच्या घंटेवर चालायचा. झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजला की बाया चूल पेटवायच्या, गडी औतं सोडायचे. पोरांनी घरी सांगितलं होतं, नाही असं नाही, पण पोरांचं कोण ऐकतो. पारावर बसणारे एक आजोबा डोळ्यांत औषध घालून घ्यायला गंगाखेडला जायचे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की काठी घेऊन फाट्यावर एस्टीला निघायचे. ते आठवडाभर फाट्यावर तासतासभर बसले, आणि परत येऊन रोज एस्टीला शिव्या घालायला लागले. एस्टी मुळात उशिरा येणारी, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. "लय माजलेत," एवढंच सगळे म्हणाले. शेवटी आजोबा कंडक्टरच्या अंगावर गेले, तेव्हा त्याने मनगट पुढे केलं. "आजोबा, गाडी टायमावर हाय. तुमचं गावच पुढं गेलंय."

मग भडका उडाला. सरपंचाच्या घरी रेडिओ होता, त्याच्या बातम्या आणि तुमची घंटा लोकांनी ताडून पाहिली. दोन-चार दिवस गावात कुणी वेळ सांगितली की पुढचा विचारायचा, "शाळेचे चार का रेडिओचे?" लग्नाची सुपारी फोडायला आलेल्या ताडकळसच्या पाहुण्यांना म्हणे दोन वेळा जेवायला बोलावणं गेलं. सरपंचाने बैठक पारावर ठेवली होती. तुम्ही निरोप पाठवलात की बैठक शाळेत होईल. का, ते मला त्या वेळी कळलं नाही. पारावर आमच्या माणसांना खाली, लांब उभं राहावं लागायचं. शाळेच्या ओसरीत सगळ्यांना एकच सतरंजी होती.

मला ती बैठक वाक्यावाक्याने आठवते. पुढे कितीतरी सभांच्या बातम्या दिल्या, त्यातली एकही अशी आठवत नाही. सरपंच म्हणाला, "बाई, टाइम सरकारचा हाय. तुमच्या-माझ्या घरचा न्हाई." तुम्ही म्हणालात, "सरकारला लिहिलंय. सरकारच्या घड्याळात अजून माझ्या अर्जाची वेळ झाली नाही." लोक हसले. आजोबा म्हणाले, "हसा! एक घंटा रोज थंडीत बसलो म्या. डोळे बरे हुईनात आन् गुडघे गेले." पुन्हा हसले. मग माझ्या मैत्रिणीचा बाप उठला, आणि हसणं थांबलं.

ती माझ्या शेजारी बसायची. गावातलीच, थोडी जमीन, घरचीच माणसं राबणारी. कापूस वेचायचे दिवस होते. ती उजाडल्यापासून वेचायची आणि पहिल्या घंटेला धापा टाकत यायची, बोटांना बोंडांचे ओरखडे, केसांत कापूस. मी तो काढून वहीत ठेवायची. तिचा बाप म्हणाला, "बाई, तुमी काटा फिरवला. दिवस फिरवता येतो का? कापूस काय घड्याळ बघून फुटतो? पहिलं पोरगी वेचून साळंला यायची. आता वेचायला बसती तवर तुमची घंटा होती. एक घंटा तुमी माझ्या रानातून नेलाय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्यात माझा बाप उठला. तो कुठल्याच बैठकीत बोलत नसे. "आमच्या पोरी उजेडात घरी येऊ द्या," तो म्हणाला. "दुसरं कायबी मागणं न्हाई." मागून कुणीतरी आवाज टाकला, "तुमच्या वाडीला कोण काय करायलंय हितं?" माझ्या बापाने मागे वळून पाहिलंही नाही. "कुणी कायबी करत न्हाई," तो म्हणाला. "म्हणूनच मागायलोय. करायला लागल्यावर कुणाला मागू?"

सरपंच बराच वेळ सतरंजीचा धागा ओढत बसला. मग म्हणाला, "संक्रांतीपातुर राहू द्या. दिवस मोठा झाला की बाईनं काटा मागं आणायचा. आजोबाला एस्टीच्या वक्ताला कुणीतरी हाक मारीत जा." सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त मैत्रिणीचा बाप उठता उठता म्हणाला, "मंग आमची पोरगीबी संक्रांतीनंतरच येईल."

आमच्या बापांची बोलणी संपेपर्यंत तुम्ही मला तुमच्या खोलीवर थांबायला सांगितलंत. शाळेमागची एकच खोली, एका कोपऱ्यात स्टोव्ह. तुमच्याकडे कपबशा तीनच होत्या आणि त्या तिन्ही सगळ्यांच्या होत्या. आमच्यासाठी वेगळा कप कुठल्या कोनाड्यात ठेवलेला नव्हता. तुम्ही स्टोव्हला पंप मारत होता. मी दारात उभी, आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते. मी म्हणाले, "बाई, आपण जिंकलो!" तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "आपण म्हणजे कोण?" तुम्ही पुन्हा पंप मारायला लागलात. "उद्या तुझ्या शेजारी कोण बसणार आहे, ते सांग. मग जिंकलो म्हण." चहा तुम्ही दिलात, साखर जास्त घालून. मला तेव्हा तुमचा राग आला होता. मी काय चूक बोलले, असं वाटत होतं. आज वाटतं, तुम्ही ते मला विचारतच नव्हता.

कारण पुढच्या रविवारपासून तुम्ही तिच्या रानात जायला लागलात. आम्हाला हे तिच्याकडूनच कळलं. तुम्ही ओटीत कापूस वेचत तिच्या शेजारच्या ओळीतून चालायचात आणि ओळीच्या टोकापर्यंत तिच्याकडून पाढे, कविता, व्याख्या म्हणून घ्यायचात. तिचा बाप बांधावरून म्हणायचा, "बाई, तुमच्या वेचणीत कापूस कमी, पालाच जास्त हाय. तुमी शिकवाच, वेचू नका." तरी त्याने तुम्हाला येऊ दिलं. इकडे आम्ही रोज उजेडात ओढा ओलांडत होतो. पाण्यात ऊन असायचं. माझ्या बाजूची जागा रिकामी होती आणि मी त्या बाकावर हळूहळू मधोमध बसायला लागले होते.

संक्रांत झाली. तुम्ही पुन्हा खुर्चीवर चढून काटा मागे आणलात. पहिल्या दिवशी घंटा झाल्यावर तुम्ही झाडाखालीच उभ्या राहिलात, हातोडी हातात तशीच, गावाच्या वाटेकडे बघत. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. तिच्या बापाने शब्द मोडला असं मी म्हणणार नाही. घरातल्या कामाला दोन महिने एक माणूस जास्त मिळालं की पुढे त्या माणसाशिवाय घर चालत नाही, एवढंच. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी सातवी पास झाले. तुमची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. घड्याळामुळे झाली असं गावात बोलत, पण तुम्ही म्हणालात की बदली दरवर्षीच होते, यंदा माझी पाळी.

जाताना तुम्ही मला दोन सेलची बॅटरी दिलीत. आठवीला मला पालमच्या शाळेत जायचं होतं. "तिथलं घड्याळ माझ्या हातात नाही," तुम्ही म्हणालात. एवढंच. डोक्यावर हात ठेवलात आणि एस्टीत चढलात. मी पालमला जात होते तोवर ती बॅटरी माझ्या दप्तरात होती. बापाने पुन्हा कधी शाळा बंद म्हटलं नाही, पण तो रोज ओढ्यापर्यंत यायचा, आणि अंधारातून माझा उजेड हलताना दिसला की मागे वळून माझ्यापुढे चालायला लागायचा.

तुम्ही गेल्याचं मला कामावर असताना कळलं. जिल्ह्याच्या पानावरच्या चार ओळी होत्या, निवृत्त शिक्षिकेचे निधन. पानात जागा कमी होती. मी चाराच्या तीन केल्या आणि पान सोडलं. त्यालाही आता खूप वर्षं झाली. विद्यापीठाचा प्रश्न सुटला, त्या बातमीच्या दिवशीही मी त्याच टेबलावर होते. त्या दिवशी तुम्हाला पत्र लिहायचं मनात होतं. तेव्हा तुम्ही होतात. पण पानं सोडायची होती.

आजच्या लेखात मी एक वाक्य लिहिलंय: काटा पुढे केल्याने कुणाचाच तास जात नाही, असे गाव सापडणे कठीण. त्या मुलाला ते आवडलं. फोन करून म्हणाला, हे चौकटीत घेतो. ते वाक्य तुमचं आहे, किंवा माझ्या मैत्रिणीच्या बापाचं, हे मी त्याला सांगितलं नाही. तिचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही. तिचं सासर कुठलं, एवढंही नाही. एके काळी तिच्या केसांतला कापूस माझ्या वहीत असायचा.

अजून एक सांगायचं राहिलं. माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ गेली तीन वर्षं एक तास पुढे आहे. मीच लावलंय, तुमच्यासारखंच खुर्चीवर चढून. निवृत्तीनंतर दिवेलागणीपासून जेवणापर्यंतचा वेळ जाईना. आता अंधार पडतो तेव्हा घड्याळात जेवायची वेळ झालेली असते. मी ताट घेते, भांडी घासते, दिवा मालवते. फोनवर खरी वेळ दिसते, पण मी तो पालथा ठेवते. या घरात कुणी शाळेचे का रेडिओचे असं विचारत नाही. कुणी फाट्यावर थंडीत बसत नाही, आणि कुणाच्या रानातला तास जात नाही. तसं गाव सापडत नाही, बाई. घर सापडलं.