वरच्या रानातल्या चाकोऱ्या

१० सप्टेंबर ७८
आज उघडीप. पाच रोज नुसतं झोडपलं. वरच्या रानात जाऊन आलो. मूठभर माती दाबून गोळा केला, कमरंवरनं टाकला. फुटला न्हाय, चपटा झाला. वापसा न्हाय, रान अजून वलंगच्च. आठ रोज तरी तिथं बैलसुद्धा घालायचा न्हाय. किसनला तसं सांगून ठेवलं. धाकटा भाऊ औंदा सोसायटीत संचालक झालाय, सोसायटीचं गोडावून बांधायचं हाय, त्याच्या दगडापायी सारखा पळतोय. म्हनला, "व्हय दादा. तवर तुमी अणदूरला आक्काकडं जाऊन या की. लई दिस झालं बोलावती."
बरं वाटलं. ध्यानात ठेवतो पोरगा.

१५ सप्टेंबर
अणदूरहून आलो. पिशवी टाकली न् तसाच रानात. वरला बांध फोडलेला. तिथनं खालच्या बांधापातूर चाकोऱ्याच चाकोऱ्या. एक खोल गेली की बाजूनं दुसरी घातलेली. निम्मं रान दाबून टाकलं. चाकोऱ्यात पाणी उभं, मुरत न्हाय.
किसन म्हनला, "मला काय म्हाईत? म्या तालुक्याला व्हतो."
गावात टॅक्टर एकच. सोसायटीचा.

१६ सप्टेंबर
रज्जाक डायवरला गाठलं. आधी नजर चुकवली, मग बोलला. "चाचा, नाल्याला पाणी, वाट बंद. मैं बोला गीला है, नको. किसनभाऊ म्हटले, दादाला इचारलंय, चल. सोता माझ्याजवळ बसून वाट दाखवली."
दगडानं भरलेली ट्रॉली. तीन दिवस.
जेवलो न्हाय. ही म्हनली, काय झालं? काय सांगू हिला.

१७ सप्टेंबर
किसनला समोर बसवलं. आता न्हाय म्हनला न्हाय. "गावाचं गोडावून हाय दादा. तुमी घरी असता तर जाऊ दिलं असतं का? म्हनून..."
पुढचं म्याच बोललो. "म्हनून मला अणदूरला धाडलंस."
मान खाली. मग वर करून म्हनतो, "चार चाकोऱ्यानं काय व्हतंय. नांगराला फुटंल."
बाप गेला तवा हा सात वर्साचा. खांद्यावर घेऊन
जाऊ दे. लिहायचं न्हाय ते.

२८ सप्टेंबर
परतीचा पाऊस. बांधावर उभा राहून बघितलं. पाणी मुरंना. चाकोऱ्या धरून पळालं, फुटक्या बांधातनं नाल्यात. माती बी गेली.

४ ऑक्टोबर
चार बैलाचा नांगर घातला. वरली ईतभर माती निघती, खाली फाळ घसरतो. एक बैल गुडघ्यावर आला. सोडून दिलं. वर कुळव फिरवून शाळू पेरायचा, दुसरं काय.
पहारीनं बघितलं. चाक गेलं न्हाय तिथं पहार सहज जाती. चाकोरीत ईतभर जाती न् ठण वाजती. खाली थर, भाजल्या खापरागत.
हे रान पाणी पितं तवा खालच्या इहिरीचा झरा वाहतो. बहात्तरात गावाच्या सगळ्या इहिरी आटल्या, ही न्हाय आटली. माझं न् किसनचं, दोनी घरं हिच्यावर. त्याला हे म्हाईत न्हाय?

२० डिसेंबर
चांगल्या जागंचा शाळू डोक्याला लागतो. चाकोऱ्यांवर गुडघ्याएवढा, पिवळा. सडकंवरनं दिसतं. हाटेलात एक जण म्हनला, "दादांनी रूळ टाकल्यात रानात. येडशीची रेल्वे आता हितनं जाणार." सगळी हसली. किसन तिथंच बसला व्हता. त्यो बी हसला.
चहा तसाच ठेवून आलो.

१७ जानेवारी ७९
इहिरीत उतरलो. झऱ्याच्या कपारीत हात घातला. नुसती वल. दरसाल ह्या टायमाला बोटाएवढी धार असती. ही म्हनली, किसनची बायको दोनदा आली, अर्धी घागर घेऊन गेली. तिचा काय दोष.

२ फेब्रुवारी
गोडावूनचं उद्घाटन. किसन बोलवायला आला. "दादा, नारळ तुमी फोडायचा."
"माझं रान तुडवून बांधलंस, नारळ बी माझ्याच हातानं व्हय रं?"
ही दारामागनं "आवं, आवं" करत व्हती. गेलो न्हाय. लाऊडस्पीकर घरात ऐकू आला. किसननं भाषणात माझं नाव घेतलं. सहकार्याबद्दल आभार म्हनं.

११ मार्च
शाळू निघाला. रान रिकामं. बाकीचं उन्हानं भेगाळलं, भेगंत हात जातोय. चाकोऱ्यांची जागा सपाट, मुकी. इहिरीत सकाळी दोन घागरी, सांजंला दोन. दोन घरात.
रज्जाक आलाय. सोसायटीनं मोठा खोल नांगर आणला. किसननं निरोप धाडला, सोमवारी दादाचं रान, फुकट. रज्जाक म्हनतो, "बैलाला फुटायचं न्हाय चाचा. ह्यालाच फुटंल."
खरं हाय. परत तेच चाक, त्याच फुटक्या बांधानं आत. न्हाय म्हनावं तर पुढल्या साली बी झरा असाच. व्हय म्हनावं तर किसन गावभर सांगत फिरणार, दादाचं रान म्या सुधारलं.
म्हनलं, "जा, त्याला म्हनावं सोता इचारायला ये."
रज्जाक हालला न्हाय. "ते तुमचं तुमी बघा. मला तुमच्या तोंडनं ऐकायचंय. त्याबगर गाडी आत घालत न्हाय आता."
ओट्यावर बसलाय. दुसरा चहा झाला. ही आतनं खुणावती, बोला की.
किसन समोर लिंबाखाली हुबा हाय. आत येत न्हाय, जात बी न्हाय.