कोऱ्या पंचनाम्यावरच्या सहीबद्दल

मी, कृष्णकांत अनंत देवस्थळी, वय ७६, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मनाचा दाखला कोणी देत नाही, आणि मला तो मिळालाही नसता. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर हे पाच वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. पळस्प्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा चि. विश्वजीत याला मिळावी. भांडायला दुसरे कोणी नाही.

२. माझी पन्नास मीटरची टेप, रोलर आणि उरलेला पांढरा रंग सोसायटीच्या पादचारी समितीला. याच रोलरने आम्ही सात म्हाताऱ्यांनी रस्त्यावर झेब्रा पट्टे मारले होते. पंधरा दिवसांत ट्रकांनी ते पुसले. विनापरवाना रंगकामाची नोटीस मात्र मला आली.

३. कै. आशालताची सायकल. ही माझी पत्नी पन्नाशीत सायकल शिकली. पोलिसांनी परत केल्यापासून सायकल गॅलरीत आहे, पुढचे चाक वाकलेले. भंगारात देऊ नये. दुरुस्त करून एखाद्या मुलीला द्यावी, पण या रस्त्याला फुटपाथ होईपर्यंत नाही.

४. ठेकेदार हरेश यांना त्यांचीच शाल परत द्यावी. सहा वर्षे अर्ज केल्यावर फुटपाथ आणि उंच क्रॉसिंग मंजूर झाले, तेव्हा भूमिपूजनाचा नारळ अर्जदार म्हणून मला फोडायला लावला. शाल अंगावर पडली, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत काम पूर्ण झाल्याचा पंचनामा पुढे आला. मोजमापाचे रकाने कोरे होते. हरेश म्हणाले, "काका, आकडे मागाहून भरतो. पंच म्हणून नुसती सही द्या, नाहीतर निधी परत जाईल."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कोऱ्या कागदाला पेन लावले नव्हते. त्या दिवशी लावले. मानाला भुललो, दुसरे काही नाही.

चाळीस पावलांचा फुटपाथ झाला आणि काम थांबले. चौदा महिन्यांनी आशालता सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. समोर उरणच्या मोरा गावाहून येणारी जनी मासळी घेऊन बसते, तिच्याकडे निघाली होती. डंपर थांबला नाही. जनीच्या मांडीवर तिचा जीव गेला.

त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर आले: पंचनाम्याप्रमाणे काम पूर्ण. सोबत माझ्या सहीची झेरॉक्स.

५. विश्वजीत, अर्धवट रस्त्याबद्दल आपण लावलेल्या दाव्यात ती सही बनावट आहे असे तू कोर्टात लिहून दिलेस. "बाबा, तुम्ही कोऱ्या कागदावर सही करणं शक्यच नाही," म्हणालास, आणि मी मान हलवली. सही माझी आहे. तज्ज्ञ ती तपासतील आणि आपला दावा फेटाळला जाईल. ती कोऱ्या पंचनाम्यावर घेतली होती असे मी शपथेवर सांगितले, तरच पंचनामा खोटा ठरेल आणि रस्त्याचे काम पुन्हा उभे राहील. हे मला कळते. पण तुझ्या आईच्या मरणात माझा हात आहे, हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही. म्हणून हा कागद पाकिटात सीलबंद ठेवावा आणि माझे दिवसकार्य झाल्यावर उघडावा.

६. जनीला काही देता येत नाही, कारण ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे. वकिलांनी तसे बजावले आहे.

सहीपूर्वीची दुरुस्ती: जनीला वाचता येत नाही, म्हणून अंगठ्याआधी तिला सगळा मजकूर वाचून दाखवला. मग ती म्हणाली, "काका, तुमी मरंपर्यंत मी काय करू? मला उद्या सकाली तोच रस्ता हाय." कलम ५ मधील शेवटचे, सीलबंद पाकिटाचे वाक्य रद्द समजावे.

(सही) कृष्णकांत अनंत देवस्थळी

साक्षीदार:
१. डॉ. पद्मजा करंदीकर, शेजारी (सही)
२. जनी काशिराम कोळी, राहणार मोरा, उरण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: पनवेल
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

प्रत: चि. विश्वजीत यास, आजच, माझ्या हाताने.