लाखातल्या एकोणीस दुर्वा

कार्तिक शु. १
कचेरीत काम नव्हते. संस्थानच्या दरबारात असे दिवस वर्षाकाठी तीनशे. म्हणून सौ.च्या नवसाचा भागाकार केला. चि. कुसूचे लग्न मोखाड्यास जमावे म्हणून गणपतीला लक्ष दुर्वा, एकवीसची जुडी, आषाढापासून चालू आहे. उत्तर: जुड्या ४७६१, बाकी १९. जेवताना बोलून गेलो. नको होते.
"अपुरी जुडी देवाला?"
"मग दोन जास्त घाल."
"म्हणजे लाख नव्हेच."
नवस बिनबाकी फिटल्याखेरीज मोखाड्यास होकार नाही, म्हणाली. वरपक्षाला उत्तर हवे तुळशीच्या लग्नाआधी. कुसूने ताकभात तसाच टाकला.

शु. ३
भटजींचा तोडगा: दुसरा लाख वाहा. दोन लाखांना बाकी १७. तिसऱ्याला १५. "उतरतंय की," भटजी खूष. दहा लाखांना एकच दुर्वा उरते. अकराव्याला एकदम वीस. भटजींचा चेहरा पाहण्यासारखा. शून्य येते थेट एकवीस लाखांना. लाखाला चार महिने, म्हणजे सात वर्षे. शिधा दर लाखाला, हे त्यांनी पाटी न घेता सांगितले.

शु. ५
सौ.ला समजावले. लाख फोडला तर आत नुसते दोन आणि पाच. एकविसात तीन आणि सात. पत्रिकाच जुळत नाही.
"कुसूची जुळलीय. ती मोडू नका म्हणजे झालं."
मी मोडतोय. दोष आकड्याचा, बोलणी मला.

शु. ७
दुर्वा बांधून आणते ती दाभोशाची सोनीबाई. सौ. जुड्या मोजते, आतले सोनीवर. आज ओटीवर सहज एक सोडून मोजली. वीस. दुसरी, वीस.
"सोनीबाई, एकवीस सांगितल्या होत्या ना?"
"सांगल्या व्हत्या. पन दादा, हातापायाची बोटां संपली का एक मानूस झाला. मंग बांधायची. एकविसावा बोट कुठून आनू?"
लाखाला वीसने भागले. पाच हजार माणसे. एक बोटही उरत नाही.

शु. ८
"पाच हजार जुड्या कर. बाकी शून्य."
"परवा ४७६१ म्हणत होतात."
"भागाकार चुकला होता."
बरोबर आलेले गणित चुकले म्हणून कबूल केले. चाळिशी उलटल्यावर लाज उरत नाही. सौ. खूष, नवऱ्याची चूक सापडली की तिला इतर काही तपासावेसे वाटत नाही.

शु. ११
सोनीने जादा दोनशे एकोणचाळीस आणून दिल्या. ४९९९ वाहून झाल्या. होकाराचे पत्र लिहून तयार, मोखाड्याचा माणूस पायरीवर तंबाखू मळतो आहे. कुसूने त्याला दोनदा पाणी दिले.
सौ. म्हणाली, शेवटच्या जुडीतल्या एकवीस तरी आपल्या हाताने मोजून वाहीन. दोरा सोडून देवापुढे बसली आहे. सोनी दारात उभी राहून स्वतःच्या पायांकडे बघते आहे. मी लिहितो आहे, कारण दुसरे काही सुचत नाही.
सतरा. अठरा. एकोणीस.