नर्सबाईंची मुलगी

माय, तुझ्या पुस्तकामागं फिरत फिरत एक मुलगी हिंगोलीत माझ्या दारापर्यंत आली होती. त्याला आज चार दिवस झाले. तेव्हापासून मनातल्या मनात मी तुझ्याशीच बोलून राहिले. म्हटलं, कागदावर तरी लिहावं. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांनी तुला कुणी शोधत येईल असं वाटलं नव्हतं, आणि आलंच तर आपण काय करू याचा तर मी कधी विचारच केला नव्हता.

गोरेगावकडच्या उपकेंद्रात तू नर्स होतीस तेव्हाची ती दुपार मला लख्ख आठवते. मी सातवीत, शाळेला सुट्टी, म्हणून तू मला सोबत नेलंस. एका मोठ्या शेतकऱ्याची सून आदल्या दिवसापासून अडली होती. मी अंगणात चपलांजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळानं आतून लेकराचं रडणं ऐकू आलं, घरात हसणं-बोलणं सुरू झालं, आणि घामानं निथळत तू बाहेर आलीस. आपण फाटकापर्यंत पोचलो नाही तोच मागं पाणी ओतल्याचा आवाज झाला. सासू कळशीनं उंबरा धूत होती. बराबर तुझा पाय पडला होता तिथं. मी तुझा पदर ओढला, चल ना म्हणाले. तू वळलीस, त्या ओल्या उंबऱ्यावर पाय देऊन पुन्हा आत गेलीस, सुनेची नाडी पाहिलीस आणि बाहेर आलीस.

"धुवा परत," तू म्हणालीस. "मी उद्या बी येणार हाये बाळंतिणीला बघायला. परवा बी येणार. पाणी भरून ठेवा."

"बाई, आमचा रिवाज हाय हा," सासू म्हणाली. "तुमच्यावर राग न्हाई आमचा."

"माझा हाये," तू म्हणालीस.

सात दिवस तू गेलीस. सातही दिवस उंबरा धुतला गेला.

आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर येतं. तवा उतरवून ठेवलाय, भाकरीचा वास खोलीभर आहे, आणि तू पाटावर बसून जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेस. ज्या ज्या गावात तुझ्या हातानं लेकरं जन्मली, त्या त्या गावाचं नाव, घर, आणि नंतर काय धुतलं, काय शिंपडलं, पाणी कशातून दिलं. 'लेकराला पहिला हात माझा लागला, ते चाललं. उंबऱ्याला पाय लागला, ते चाललं न्हाई. मग लेकराला काहून धूत न्हाई तुमी?' हे वाक्य लिहून तू मला वाचून दाखवलंस आणि स्वतःच हसलीस. छापायच्या आधी मला ते सगळं नीट अक्षरात उतरून काढायला सांगितलंस. मी शहाणपणा केला, सगळीकडे 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'काहून'चं 'का' केलं. तू पानं पाहिलीस आणि माझ्यासमोर टाकलीस. "माझी बोली काहून धुतली तू? मी काय उंबरा हाये?" सगळं पुन्हा लिहायला लावलंस. मी रडत लिहिलं. त्यानंतर बाजारातून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्यास, आणि स्वतःच्या हातानं भरल्यास.

पुस्तक हिंगोलीच्या छापखान्यातून आलं, गावांच्या नावांसकट. महिन्याभरात उपकेंद्रावर माणसं आली, वर तक्रारी गेल्या, आणि तुझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. तू तिथंही लिहिलंस: एक पुस्तक विहिरीवर, एक शाळेतल्या मागच्या ओळीवर. सुट्टीला इकडं आलीस की सेनगावच्या बाजारात निंबाखाली उभी राहून वाचायचीस. आपलेच लोक म्हणायचे, "बाई, नोकरी सांभाळा." ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना भीती, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी वाचलं नाही. तू गेल्यावर उरलेले गठ्ठे वाळवीनं खाल्ले. प्रत्येकाची एक प्रत मी वाचवली.

त्या दुपारी जन्मलेलं पोरगं आता गावात पुढारी आहे. मागच्या वर्षी माझ्या कार्यालयात जमिनीच्या कामाला आला होता. बोलता बोलता माझं माहेर निघालं. "म्हंजे त्या नर्सबाईंची मुलगी तुमी?" तो म्हणाला. "आजी सांगायची. हात लई चांगला होता म्हणे बाईंचा, पण लई उर्मट." वाईट बोलायचं म्हणून बोलला नाही, माय. हसून बोलला, ताई म्हणाला, काम झाल्यावर पेढे ठेवून गेला. मी विचारलं, "उंबरा अजून धुतात का?" त्याला प्रश्नच कळला नाही. "आता टाइल्स बसवल्या," म्हणाला.

मी आता जिथं राहते ते घर पाचवं. आधीच्या चार ठिकाणी आडनावापर्यंत गोष्ट आली आणि खोली 'पाहुण्यांसाठी ठेवायची' झाली. इथं घरमालकीणबाईंनी विचारलं तेव्हा तुझ्या जावयाचं गावावरून पडलेलं आडनाव सांगितलं आणि गप्प राहिले. त्यांनी त्यांच्या मनानं काय समजायचं ते समजून घेतलं. त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी शोभेची बुद्धमूर्ती आहे. माझी मूर्ती कपाटात, गोधडीच्या घडीत. तुझी तीन पुस्तकंही तिथंच.

तर चार दिवसांपूर्वी ही मुलगी आली. पंचविशीची असेल, उन्हानं लाल झालेली. मालकीणबाई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. मुलीच्या हातात तुझं पहिलं पुस्तक होतं, मागची पानं नसलेलं. कनेरगाव नाक्याच्या कुण्या म्हाताऱ्याकडं सापडलं म्हणाली.

"जातीविरुद्ध लिहिणाऱ्या एक नर्सबाई होत्या ना, त्यांची मुलगी इथं राहते का? मला पुढची पानं हवी आहेत. त्यांच्यावरच लिहून राहिले मी."

मालकीणबाईंचा हात थांबला. मी मुलीकडं पाहिलं, पुस्तकाकडं पाहिलं.

"इथं तसं कुणी न्हाई," मी म्हणाले. "पत्ता चुकला तुमचा."

ती ओशाळली, माफ करा म्हणाली, पाणी मागितलं. मी दिलं. पेला परत देताना म्हणाली, "कुठं कळलं तर सांगाल का? चार महिने झाले फिरतेय मी. आता विचारायला कुणी उरलं नाही." मी मान हलवली. ती फाटक लावून गेली.

"तसलीच दिसत होती," मालकीणबाई म्हणाल्या. "पाणी कशात दिलं?"

"घासून घेते," मी म्हणाले. आणि नळावर बसून, त्या बघत असताना, मी तो पेला घासला.

तुझी लेक घासत होती, माय. कुणी सांगितलं नसतानाही दोनदा घासला.

तिचा नंबर मी मागितला नाही. शोधला तर मिळेलही. मी शोधणार नाही. पुढच्या महिन्यात घराचा करार संपतोय आणि मला तो वाढवून हवाय. हा कागद कुठं पाठवायचा हा तर प्रश्नच नाही, पण घरात ठेवायलाही जागा नाही. लिहून झाला की फाडावा लागेल. एकच सांगते. ती मुलगी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.