साठच्या पुढची कुंई

नांदेड,
५ ऑगस्ट २०२५

ती. सिंधु मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

…म्हणजे इंजिनचा बेल्ट बदलूनही गाडीचा आवाज तसाच. मग बेल्ट बिचारा निर्दोष होता. मागच्या पत्रात मी ‘शंभर टक्के बेल्टच’ लिहिलं होतं, ते आता खोडून टाक.

तू लिहितेस, लातूरहून शिरूर अनंतपाळच्या शाळेत शिकवायला जाताना गाडी साठच्या पुढं गेली की कुंईऽऽ सुरू होतं. काका चालवतात तेव्हा मात्र गाडी गप्प, म्हणून दोष तुझ्या हातात आहे असं त्यांचं म्हणणं. मावशी, काका चाळीसच्या वर कधी गेलेत का? सायन्समध्ये याला पुरावा म्हणत नाहीत.

मी लई व्हिडिओ बघून राहिलो. आता दोन टेस्ट कर. साठवर असताना क्लच दाब. इंजिनच्या आवाजासोबत कुंईपण बसली तर लोचा इंजिनकडं, चालूच राहिली तर चाकांकडं. मग रस्ता रिकामा बघून स्टिअरिंग हळूच उजवीकडं ने, मग डावीकडं. उजवीकडं वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. वजन आल्यावर आवाज वाढला तर त्या बाजूचं बेअरिंग गेलं समज.

आईचा फोन होता, मजेत आहे. मी अभ्यास करून राहिलो असं तिला वाटतं. पत्र शाळेच्याच पत्त्यावर टाकतो. तुझा फोन काका स्पीकरवर ऐकतात आणि व्हॉट्सॲप तुझ्याआधी वाचतात, त्याला इलाज नाही.

बेल्टचं मनावर घेऊ नको, माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
हरिओम


लातूर,
११ ऑगस्ट २०२५

चि. हरिओम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही टेस्ट केल्या. क्लच दाबला, इंजिनचा आवाज बसला, कुंई चालूच. मग शिरूरच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर नागमोडी गेले. उजवीकडं वळलं की आवाज चढतो, डावीकडं उतरतो. खात्री व्हावी म्हणून परत परत केलं. खरं सांगू, मजा आली.

मागून मोटारसायकलवर तुझ्या काकांचे चहाचे सोबती गुरुबसप्पा येत होते, ते मला दिसले न्हाईत. मी मात्र त्यांना पुरती दिसले. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की वहिनी रस्ताभर सापासारख्या चालल्या होत्या, डुलकी लागली असेल न्हाईतर चक्कर. मी म्हणाले, बेअरिंग तपासून राहिले होते. दोघंही हसले न्हाईत. गुरुबसप्पांनी बीपी बघून घ्यायला सांगितलं.

झालं, काकांनी गाडी विकायचं ठरवलं. गणपतीतल्या रविवारी राजशेखर बघायला येणार हाय, तो जुन्या गाड्या घेतो. मी पूर्वीसारखं एसटीनं जावं म्हणतात. अरे, बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले मी. आता कुणाला विचारून निघावं लागत न्हाई, याची सवय लागलीय. ती मोडायची न्हाई मला. त्या रविवारच्या आत आवाज गेला पाहिजे.

जेवत जा वेळेवर. आईला यातलं सांगू नको, ती लगेच यांना फोन लावील.

तुझी,
मावशी


नांदेड,
१६ ऑगस्ट २०२५

ती. सिंधु मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हॉस्टेलवर अक्षरशः नाचलो. डावी बाजू! गुरुबसप्पाकाकांचं मला वाईट वाटतं, पण रीडिंग एकदम क्लीन आलंय.

पुढचं की मागचं, एवढंच राहिलं. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घ्यायला लाव. एका हातानं चाक फिरवायचं, दुसरा हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग गेलेलं असेल तर स्प्रिंगमध्ये घरघर लागते. नवीन बसव आणि परत साठवर नेऊन बघ. नागमोडी जाऊ नको आता, गरज नाही.

काकांना घाबरू नको. आवाज गेला की त्यांच्याकडं मुद्दाच उरत नाही.

यावेळी शंभर टक्के लिहीत नाही, पण आशीर्वाद पूर्ण पाठव.

तुझा,
हरिओम


लातूर,
२ सप्टेंबर २०२५

चि. हरिओम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढचं डावं निघालं. स्प्रिंगवर हात मीच ठेवला होता. बदलल्यावर साठ, सत्तर, सगळीकडं गाडी मुकी. शाळेपर्यंत गाणं म्हणत गेले.

रविवारी राजशेखर आला. त्याला शेजारी बसवून तुझे काका औसा रोडला चक्कर मारून आले, आणि उतरतानाच म्हणाले की इतकी गुणी गाडी कुणी विकतं का. मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली.

सोमवारी सकाळी पर्स घेऊन बाहेर आले तर दारात गाडी न्हाई. फोन केला तर तुझे काका म्हणाले, चांगली झालीय तर मीच वापरतो, तुझ्या हातात परत बिघडेल. चहाच्या टपरीवर सांगत होते की आपण स्टिअरिंग धरलं अन् आवाज पळाला. गुरुबसप्पांनी मान डोलावली म्हणे.

कालपासून शाळेला एसटीनं जातेय. उभ्यानं. तू आवाज घालवलास बाबा, आता परत आणायला शिकवतोस का?

तुझ्यावर राग न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
मावशी


नांदेड,
६ सप्टेंबर २०२५

ती. सिंधु मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आवाज परत आणता येतो. छपरावरच्या कॅरिअरला सपाट पट्टा ताणून बांधला की वाऱ्यानं मस्त कुंई होते आणि गाडीला काही होत नाही. पण त्यालापण स्पीड लागतं. काकांच्या चाळीसला पट्टा झोपूनच राहील.

म्हणून दुसरा प्लॅन. मला गाडी चालवता येत नाही, हे तू कुणाला सांगितलं नाहीस त्याबद्दल थँक्स. काल लर्निंग लायसन काढलं. दिवाळीच्या सुट्टीत लातूरला येतो आणि काकांसमोर म्हणतो की गाडी शिकायचीय, मावशीकडूनच. काका म्हणतील मीच शिकवतो. तेव्हा मी सगळ्यांदेखत विचारणार, काका, सत्तरवर कशी चालवायची ते दाखवता का? आणि ते कचरले की चावी तुझ्याकडं सरकवणार.

शिकवताना ओरडलीस तरी चालेल, अंतर देऊ नको.

तुझा,
हरिओम

ता. क. – काका खरंच सत्तरवर गेले तर? तू त्यांच्यासोबत तीस वर्षं राहून राहिलीस, तुला काय वाटतं?