सव्वा सुताचं वायसर

लोहारा, मंगळवार

बलभीमराव,

महांतप्पाचा शरणार्थ. (तुम्ही रामरामवाले, तवा रामराम धरा.) गुडघे कसे हायत? वहिनीची शुगर कशी हाय? लेथ अजून चालतो म्हणं, कळंबचा एक माणूस सांगत व्हता. इकडं आमी ठीक. मल्लम्माचे दात गेले, जीभ हाय. सतरा वर्षांनी पत्र कशापायी, असं तुमच्या मनात येईल. कशापायी न्हाय. फोन केला असता, पर फोन माणूस मधीच ठेवून देतो, आन् पत्र एकदा फोडलं की शेवटापातूर वाचावंच लागतं. काम काही न्हाय, हे आधीच सांगून ठेवतो.

झालं असं की आमच्या थोरलीची पोरगी शिवांजली, पुण्याला शिकायला असती, ती सुट्टीला आली आन् जीपच्या टपावर सायकल घेऊन आली. मडगार्ड न्हाय, स्टँड न्हाय, घंटी न्हाय, ब्रेकसुद्धा न्हाय. म्या इचारलं, बाई, बाकीचा माल कवा येणार हाय? तर म्हणती, अज्जा, ही एवढीच असती, हिला बीएमएक्स म्हणत्यात. चाकं बारक्या पोराच्या सायकलीची, आन् त्याच्यावर ही एकोणीस वर्षांची पोरगी तहसीलच्या मागच्या फरशीवर उड्या मारती, हवेत फिरती, खाली येऊन उलटी, म्हणजे पाठीकडं, घरंगळत जाती. (आपल्या दोघांच्या सायकलीच्या दुकानात कुणी सायकल उलटी चालवली असती तर आपण त्याला पाणी पाजून घरी पोचवलं असतं.) येत्या रविवारी पुण्यात ह्याचीच स्पर्धा हाय. शुक्रवारच्या गाडीनं तिनं निघायचं. दोन वर्षं त्या एका दिवसासाठी ती पडत आली, ढोपरं बघवत न्हायत.

तिनं मला सांगून ठेवलं व्हतं, अज्जा, सगळीकडं हात लावा, मागच्या चाकाच्या हबाला लावू नका. आता चाळीस वर्षं ज्यानं हब खोलले त्याला असं सांगायचं म्हणजे मांजराला दुधाचा पत्ता द्यायचा. म्या पायडल फिरवून बघितलं. पाव चक्कर रिकामं जातं, मंग कुठं चाक धरतं. पाव चक्कर. माझ्या हातून असली सायकल कवा दुकानाच्या पायरीखाली उतरली न्हाय, हे तुम्हाला ठावं हाय. तुमच्या हातून उतरली असंल. तुम्ही आसावरचा प्रत्येक कोन आवळताना थोडी ढील ठेवायचा आन् वर म्हणायचा, चाकाला पण श्वास लागतो महांतप्पा. लई फुकाचं बोलणं, असं मला तवा वाटायचं.

ती दोन दिवस मावशीकडं तामलवाडीला गेली आन् म्या हब खोलला. रॉकेल आता मिळत न्हाय, डिझेलात धुतला. खरं सांगतो, आत बघून मी चष्मा पुसून परत बघितलं. आपल्या फ्रीव्हीलासारखे दात्यात अडकणारे घोडे न्हायत, कुत्रं न्हाय. मोठ्या पेचाचा एक दांडा, त्याच्यावर सुपारीएवढा कोन. पायडल पुढं मारलं की कोन पेचावरनं सरकत जाऊन हबाला आतनं घट्ट धरतो आन् चाक ओढतो. चाक मागं गेलं की कोन सुटून बाजूला उभा राहतो. चाक उलटं जातं, पायडल जागच्या जागी. कोनानं पेचाबरोबर नुसतं गरगरत बसू नये म्हणून एक बारकी स्प्रिंग त्याला धरून असती. ज्यानं डोकं लावलंय त्याला हात जोडावेत. पर म्या जोडले न्हायत. कोन आन् हबाच्या मधी फट व्हती आन् फट म्हणजे आजार, एवढंच मला शिकवलेलं. ती फट ठरवणारी एक पोलादी चकती, वायसर व्हतं, सव्वा सूत जाडीचं. ते काढलं, पंपाच्या पितळी बुशातनं दोन सुताचं कापून बसवलं. फट गेली. ट्रॅक्टरचं काळं ग्रीस मूठभर भरलं, नट आवळले. पायडल असं धरायला लागलं की मला माझ्या हाताचा अभिमान वाटला. जुनं वायसर मल्लम्माच्या बादलीच्या कडीला ठोकून बसवलं. ती म्हणाली, लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, घरातली वस्तू आज पहिल्यांदा दुरुस्त केलीत, काय बिघडवून आलात?

बाईला काय सांगायचं. पोरगी आली, फरशीवर गेली, मी पण मागं गेलो, दोन माणसांना हाताला धरून नेलं की बघा आता. उडी मारली, उलटी उतरली, आन् घरंगळताना फट नसल्यामुळं कोनानं मधीच चाक धरलं. पायडल उलटं फिरून तिच्या नडगीत बसलं आन् ती पाठीवर पडली. उठली, परत केलं, परत पडली. चार वेळा. मंग सायकल भिंतीला लावून माझ्याजवळ आली, हनुवटीवरनं रगत, आन् हळू आवाजात म्हणली, अज्जा, हबाला हात लावला न्हाय ना? म्या म्हटलं, न्हाय. का म्हटलं ते आता इचारू नका. हाताला धरून आणलेली ती दोन माणसं शेजारी उभी व्हती.

तवापासनं ती सायकलीकडं बघत न्हाय. मल्लम्माला म्हणाली, अज्जी, पायातच राहिलं न्हाय काही, स्पर्धेला जाऊन हसू करून घेत न्हाय. तीन दिवस झाले. भाकरी थापती, भांडी घासती, न सांगता. जी पोरगी पाणी मागताना तीन वेळा वाद घालायची ती गप हाय, आन् घर असं आवळल्यासारखं झालंय. काल दुपारी ती झोपली तवा म्या हब परत खोलला. माझं पितळ काढलं तर पायडल आख्खं चक्कर रिकामं जाऊन धाडकन आपटतं. जुनं वायसर बादलीवरनं उचकटलं, त्याचा ठोकून पापड झालाय. ग्रीस तेवढं पुसून पातळ केलं. बसल्या बसल्या वाटलं, म्या आयुष्यभर सगळं आवळत आलो. कोन आवळले, पोरं आवळली. थोडी फट राहिली तर माणूस मागं येऊ शकतो, पायडल न मारता, न पडता. हे म्या वर्षानुवर्षं कुणाकडनं तरी ऐकत व्हतो आन् हसत व्हतो.

असो. धोंडीबा पोस्टमनच्या चाकाचं जे झालं ते झालं, ते उकरायला हे पत्र न्हाय. पुढचं चाक बाजारात जाम झालं, तो तोंडावर पडला, सगळं लोहारा गाव म्हणालं ढिल्या बलभीमनं चाक ढिलं ठेवलं, आन् तुम्ही कळंबला गेलात. मी वाट बघत न्हाय, उत्तर न्हाय दिलं तरी चालंल. वहिनीला नमस्कार.

महांतप्पा

ता. क. पत्र नंदीश जीपवाल्याकडं देतोय, तो कळंबहून दुपारी परत निघतो. लेथ चालूच असला आन् हाताला दुसरं काम नसलं तर सव्वा सुताचं एक वायसर काढून त्याच्याकडं द्या. पोलादाचं. पापड पाकिटात ठेवलाय, भोकाचं माप त्याच्यावरनं धरा, जाडीचं माझ्यावरनं. शुक्रवारच्या आत. दुसऱ्या कुणाच्या हाताला ही जाडी जमायची न्हाय.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी म्या पोरीला सांगून टाकलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली आन् म्हणली, मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. नटाच्या कोपऱ्यावर तुमच्या पान्याच्या तुटक्या दाताची खूण हाय. म्या म्हटलं, मंग बोलली का न्हाईस? तर म्हणती, तुम्ही बोलताय का बघत व्हते. स्पर्धेला जाणार हाय म्हणाली, चाक नीट झालं तर.

ता. क. तिसरा. बलभीम, धोंडीबाचं चाक त्या संध्याकाळी तूच खोललं व्हतंस. कोन आवळून आतले छर्रे फुटलेले, आन् नटावर तीच खूण, माझ्या पान्याची. तुला दिसली असंल. सतरा वर्षं दिसत असंल. वायसर नंदीशकडं देऊ नको, घेऊन तू ये. फट किती ठेवायची ते तुझ्या हातानं ठरव, मी बाजूला बसतो. तुझा पाना आण. माझा आडात टाकायला निघालो व्हतो, पर लोखंड चांगलं हाय.