नातीसाठी पाहिलेलं विद्यापीठ

आबा, परवा मी एक स्थळ पाहून आलो. तुम्ही असता तर तुम्हालाच पुढं घातलं असतं, कारण आष्टीपासून मंठ्यापर्यंत कुणाच्याही मुलीचं घर पाहायचं तर लोक तुम्हालाच सोबत न्यायचे. फक्त या वेळी नवरा मुलगा नव्हता. सिकंदराबादच्या गाडीनं जाऊन पुढं बसनं गेलं की एक लहानसं विद्यापीठ आहे, कॅथलिक फादर लोकांनी चालवलेलं. तुमच्या नातीला तिथं मानसशास्त्र शिकायचंय. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात. बारावी झाली, तिथं जागाही मिळाली, आणि जायचं की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तुमची सून म्हणाली, "तुम्ही बघून या. तुम्ही म्हनाल तसं करू." म्हणजे सगळं माझ्या गळ्यात.

आता विद्यापीठ कसं पाहतात ते मला कुठं माहीत? मंठ्यात बी-बियाण्याचं दुकान चालवणारा माणूस मी. म्हणून तुमचीच रीत धरली. तुम्ही कधी समोर मांडलेल्या बाजेवर लगेच बसला नाहीत. "हातपाय धुतो" म्हणून मागं जायचे, गोठा पाहायचे, चुलीपाशी डोकवायचे. मग पाणी मागायचे आणि ते कोण आणतं, कसं आणतं, याकडं बारीक लक्ष. निघताना स्टँडवर चहा घेत त्या घराची चौकशी. घरी आलं की एकच शब्द, "बराबर हाय" नाहीतर "जमत न्हाई". लोक तो शब्द घेऊन निमूट जायचे. मला वाटायचं, किती सोपं काम आहे हे.

मीही ऑफिसात न बसता हात धुवायच्या निमित्तानं मेसच्या मागं गेलो. वॉचमननं हटकलं, "किधर साब?" सोबत आलेली तुमची नात लाजून दूर जाऊन उभी राहिली. मागं भांडी लख्ख, मोरी वाहती, पोरं आपापली ताटं धूत होती, मुलगेसुद्धा. आत येऊन पाणी मागितलं, तर तिथले मुख्य फादर स्वतः उठले आणि माठातून पेला भरून आणला. आबा, याचा अर्थ काय लावायचा? घरचा कर्ता स्वतः पाणी आणतो म्हणजे ते घर फार चांगलं, की तिथं त्याचं कुणी ऐकत नाही? तुमच्यासोबत हिंडलो तेव्हा असं एकही घर पाहिलं नव्हतं. बाहेरच्या टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बच्चे भोत अच्छे हैं साब. गाली नहीं, झगडा नहीं. पर हैं कित्ते? मेरा धंदा कैसा होना?" ही शिफारस समजायची की तक्रार, ते चहा संपेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

प्रवेशाचंही तेच. आपल्याकडं यादी लागते, मार्क जास्त त्याचं नाव वर, भांडण मिटलं. तिथं मार्क पाहून जागा दिली होती, तरी आम्ही गेल्यावर दोन माणसं तिच्याशी बराच वेळ गप्पा मारत बसली. नंतर मला आत बोलावलं. फादरनं हिंदीत विचारलं, "आपकी बेटी को गुस्सा आता है तो क्या करती है?" मी म्हणालो, "स्वभाव अच्छा है जी, सबसे मिलजुलके रहती है." मुलगी पाहायला आलेल्यांना आपण सांगतो तेच. ती शेजारी बसून हसू दाबत होती. परतीच्या गाडीत मीच तिला विचारलं, रागावल्यावर तू काय करतेस? "गच्चीवर जाते, पप्पा," म्हणाली. मला वाटायचं ती अभ्यासाला जाते.

खर्चाचं ऐका. जालन्याच्या कॉलेजापेक्षा पुष्कळ जास्त, पुण्याच्या खाजगी कॉलेजांपेक्षा कमी. होस्टेल वेगळं, मेस वेगळी. मी हिशोब करतोय हे पाहून तिथला क्लार्क आपणहून म्हणाला, शेतकरी घरातल्या मुलींना सवलत मिळते, अर्ज करा. मी सावधच झालो. मी स्वतः एखाद्या वाणाची पिशवी आपणहून कमी भावात देतो तेव्हा का देतो, ते मला ठाऊक आहे. मग मुद्द्याचं विचारलं, नोकरी लागते का? बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, तसं काहीतरी सांगतील अशी माझी अपेक्षा. फादर म्हणाले, काही मुली शाळांमध्ये समुपदेशक झाल्या, काही संस्थांमध्ये लागल्या, काही पुढं शिकताहेत, आणि काहींचं अजून काही जमलेलं नाही. हमी नाही. आबा, तो माणूस खोटं बोलला असता तर मला किती सोपं गेलं असतं! तिथूनच उठून आलो असतो.

निघायच्या आधी माझा मेहुणा म्हणाला होता, "दाजी, तिथं पोरींना चर्चात बसवतेत. मंग पस्तावाल." मी होस्टेलच्या सिस्टरला सरळच विचारलं, सकाळच्या प्रार्थनेला बसावं लागतं का? ती म्हणाली, "जिसको बैठना है वो बैठती है. बाकी सब सोती हैं." नांदेडची एक मुलगी मराठी ऐकून धावत आली आणि वरणात गूळ घालतात म्हणून माझ्याकडं गाऱ्हाणं करू लागली, जसा काही मी तिचा काका. संध्याकाळी गेट लवकर बंद होतं. झाडाखाली मुलं-मुली एकत्र बसून वाद घालत होती. ते मला खटकलं, आणि तुमची नात त्यांच्याकडं ज्या डोळ्यांनी पाहत होती ते जास्त खटकलं. घरी ती असं कशाकडंच पाहत नाही.

घरी आल्यावर तुमच्या सुनेनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "जमत न्हाई." ती म्हणाली, "काय कमी हाय?" मी म्हणालो, कमी काही न्हाई. "मंग? काय पाहून आले तुम्ही तिथं?" मी तिच्यावर ओरडलो. ओरडलो आणि मला आपल्या अक्कासाठी, तुमच्या लेकीसाठी, पाहिलेलं परतूरचं स्थळ आठवलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, तुमच्यासोबत आलो होतो. जमीन, विहीर, माणसं, सगळं उत्तम. तुम्ही घरी येऊन आईला सांगितलं, "जमत न्हाई." मी मध्येच म्हणालो, आबा, चांगलं तर होतं! तर तुम्ही माझ्यावर खेकसलात, "तुला काय कळतं? गप बस." दोन-चार दिवसांनी तुम्ही एकटेच जाऊन होकार देऊन आलात. मी इतकी वर्षं समजत होतो की गोठ्यात तुम्हाला असं काहीतरी दिसलं असणार, जे मला दिसलं नाही. आता वाटतं, गोठ्यात काहीच नव्हतं, अक्काला दूर धाडायलाच तुमचा जीव तयार नव्हता. की गोठ्यात खरंच काही होतं? विचारायला तुम्ही नाहीत, आणि अक्काला विचारायची माझी हिंमत नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तुमच्या नातीला म्हणालो, कळव त्यांना, येते म्हणून. तिचा विश्वासच बसेना. आधी आईला हाक मारली, मग फोन घेतला, मग फोन तसाच हातात धरून माझ्याकडं आली. "पप्पा, मनापासून सांगताय ना? नाहीतर मी नाही जात." मला कळतच नाही आबा, पोरीला असं विचारायचं कुणी शिकवलं. मी तिच्याकडं पाहून हो म्हणालो, मनापासून. तेवढं खोटं बोललो.